सात किलोत तिरुमला

गोंदियातून तिरुपतीला जायचे म्हणजे रेल्वेनेच, ही आपल्याकडची जुनी सवय. पेट्या, पिशव्या, वळकटी, डब्यांची चळत, सगळे बर्थखाली सारले की सामानाचा प्रश्न मिटायचा. 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोने तिरुपती–हैदराबाद–गोंदिया अशी विमानसेवा सुरू केली आणि जिल्ह्यातल्या भाविकांपुढे पहिल्यांदाच एक नवा हिशेब उभा राहिला: किलोचा आणि सेंटिमीटरचा. गोंदियाजवळचा बिरसीचा विमानतळ तसा जुना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेला. पुढे तो वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी ओळखला जाऊ लागला. मार्च 2022 मध्ये फ्लायबिगने इंदूर–गोंदिया–हैदराबाद विमान सुरू केले होते, पण ती सेवा टिकली नाही. छोट्या विमानतळांवरची वेळापत्रके अशीच हंगामागणिक बदलतात. बिरसीहून सोयीचे विमान नसेल तेव्हा नागपूर गाठावे लागते. विमान कुठूनही धरले तरी तिरुमलाचा डोंगर पायी चढणाऱ्याचा प्रश्न मात्र एकच असतो. पाठीवरची सॅक विमानात आपल्याबरोबर आत नेता येईल का?

येते. योग्य मापाची सॅक असेल आणि ती विचार करून भरली असेल, तर कोणी अडवत नाही.

आधी नियम पाहू. देशांतर्गत विमानात इंडिगो प्रत्येक प्रवाशाला 7 किलोपर्यंतची एक केबिन बॅग नेऊ देते. तिचे माप 55 × 35 × 25 सेंटिमीटर. शिवाय पर्स किंवा लॅपटॉपची बॅग यांसारखी एक छोटी वस्तू, 3 किलोपर्यंत. इतर कंपन्यांचे वजन साधारण हेच असते, मापात थोडा फरक पडतो. म्हणून तिकिटावर छापलेले माप हेच अखेरचे धरावे. सामान काउंटरवर देऊन विमानाच्या पोटात पाठवायचीही सोय आहे आणि तिथे साधारण 15 किलो चालतात. मग केबिनचा आग्रह कशासाठी? पायी जाणाऱ्याची सॅक हा त्याचा सगळा संसार असतो. ती हैदराबादला मागे राहिली, तर तिरुपतीला उतरून करायचे काय? औषधे, दर्शनाचे कपडे, पावसाचा पोंचो, सगळे तिच्यातच. सॅक हातात असली की उतरल्या उतरल्या तिरुपतीच्या रेणिगुंटा विमानतळाहून थेट डोंगराच्या पायथ्याशी निघता येते, सामानाच्या पट्ट्याशी ताटकळावे लागत नाही.

आता मापाचे गणित. 55 गुणिले 35 गुणिले 25 म्हणजे 48,125 घन सेंटिमीटर, म्हणजे 48 लिटर. दुकानात सॅकवर लिटरचाच आकडा असतो, म्हणून 45 लिटरची सॅक बसेल असे वाटते. पण सॅक काही खोक्यासारखी चौकोनी नसते. ती वर निमुळती, मधे फुगलेली आणि पाठीकडे वळलेली असते. त्यामुळे 35 ते 40 लिटरची सॅक बिनधोक धरावी. ट्रेकवाल्यांची 60 लिटरची सॅक उंचीलाच 70 सेंटिमीटरच्या आसपास जाते. ती अर्धी रिकामी ठेवली तरी आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकत नाहीत आणि उंची कमी होत नाही. सॅकला वरचे झाकण वेगळे काढता येत असेल तर ते काढून आतच ठेवावे. चार-पाच सेंटिमीटर तिथेच वाचतात.

मोजायची ती भरलेली सॅक, रिकामी नव्हे. सर्वांत फसवा असतो तो पुढचा कप्पा. त्यात स्वेटर कोंबला की 25 ची जाडी बघता बघता 32 होते. घरी एखादे पुठ्ठ्याचे खोके 55 बाय 35 बाय 25 मापाचे कापून घ्यावे आणि सॅक त्यात विनासायास उतरते का ते पाहावे. विमानतळावरचा लोखंडी सांगाडा हेच काम करतो, फक्त तिथे मागे रांग असते.

वजनासाठी लटकवायचा काटा मिळतो. तो नसेल तर घरातल्या काट्यावर आधी नुसते उभे राहायचे, मग सॅक पाठीला लावून, आणि वजाबाकी करायची.

या 7 किलोंकडे बहुतेक जण वैतागाने पाहतात. मला ही मर्यादा चालणाऱ्याच्या हिताची वाटते. स्पेनमध्ये सांतियागोपर्यंत शेकडो किलोमीटर पायी जाणाऱ्या यात्रेकरूंमध्ये एक ठोकताळा रूढ आहे: पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावे. साठ किलोच्या माणसाला सहा किलो, सत्तर किलोच्या माणसाला सात. विमान कंपनीने सात किलो ठरवताना पाठीचा विचार केलेला नसेल, पण आकडा जवळपास तिथेच येऊन थांबतो. केबिनमध्ये बसते ते पाठीला झेपते.

ढोबळ हिशेब मांडू. रिकामी सॅक 1.2 किलो. दर्शनासाठी पुरुषाचे धोतर-उपरणे किंवा बाईची सुती साडी, अर्धा किलो. अंगावरचे सोडून कपड्यांचे दोन जोड, 900 ग्रॅम. पातळ शाल 400, पोंचो 250. रिकामी स्टीलची बाटली 200. साबण, दात घासायचे सामान, पंचा मिळून 300. औषधे 150. चार्जर आणि पॉवर बँक अर्धा किलो. सपाता 300. खाऊ अर्धा किलो, म्हणजे मुरमुऱ्यांचा चिवडा, भाजलेले पोहे असे हलके काही. सगळे मिळून 5.2 किलो होतात आणि 1.8 किलो शिल्लक राहतात. ही शिल्लक भरून काढायची नाही. ती परतीसाठी आहे.

यातल्या दोन गोष्टींबद्दल थोडे सविस्तर. पोंचो पाहून आपल्याकडचा माणूस विचारेल, नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस कुठला? गोंदियात तेव्हा धान कापून झालेला असतो आणि आभाळ कोरडे असते. पण तिरुपतीच्या बाजूला परतीचा ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात पडतो आणि तिरुमलाच्या डोंगरावर तो जोरदार असतो. दुसरी गोष्ट बाटली. तिरुमलावर प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना बंदी आहे, म्हणून स्टीलची किंवा तांब्याची न्यावी. विमानतळावर ती रिकामी ठेवावी आणि तपासणीनंतर भरून घ्यावी.

सुरक्षा तपासणीत यात्रेकरूंचे सामान अडते ते बहुधा पूजेच्या साहित्यावरून. काडेपेटी आणि लायटर विमानात कुठेच चालत नाहीत, केबिनमध्ये नाही आणि काउंटरवर दिलेल्या सामानातही नाही. कापूर पटकन पेट घेतो, म्हणून तोही नाही. तिरुमलाला चढणाऱ्या अलिपिरीच्या पायऱ्यांवर हळद-कुंकू लावून कापूर पेटवत जाणारे भाविक पुष्कळ दिसतात. तसा नवस असेल तर कापूर तिथेच विकत घ्यावा. सुके खोबरेही टाळावे. त्यात तेल भरपूर असते, ते साठ्यात आपोआप तापू शकते, म्हणून विमानाच्या नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते. चाकू आणि कात्री हातातल्या सामानात जात नाहीत, मिरचीपूडही नाही. तेल, तूप, लोणचे अडण्याचीच शक्यता जास्त.

नारळाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. शबरीमलाला जाणारे अय्यप्पाचे भक्त डोक्यावर इरुमुडी नावाची दोन कप्प्यांची गाठोडी घेऊन चालतात आणि तिच्यात तुपाने भरलेला नारळ असतो. ती गाठोडी नजरेआड करायची नाही, अशी त्यांची श्रद्धा. नियम मात्र नारळाला केबिनमध्ये येऊ देत नव्हता. नागरी विमान सुरक्षा विभागाने ऑक्टोबर 2024 मध्ये त्या हंगामापुरती, म्हणजे 20 जानेवारी 2025 पर्यंत, कडक तपासणीच्या अटीवर इरुमुडीतला नारळ केबिनमध्ये नेण्याची परवानगी दिली. पायी यात्रेकरूच्या पाठीवरच्या किंवा डोक्यावरच्या सामानासाठी नियम असा खास सैल केल्याचे हे ठळक उदाहरण. तिरुपतीच्या भाविकाने मात्र या सवलतीवर विसंबू नये, ती शबरीमलापुरती होती.

ट्रेकिंगची टोकदार काठी केबिनमध्ये जात नाही. तिच्यासाठी पूर्ण सॅक काउंटरवर देणे मला पटत नाही, काठी तिथेही मिळू शकते. तिरुमलाच्या वाटेवर ऑगस्ट 2023 मध्ये बिबट्याच्या हल्ल्यात एका लहान मुलीचा जीव गेला. त्यानंतर देवस्थानाने पायी जाणाऱ्यांना काठ्या देण्याचे ठरवले आणि लहान मुलांना दुपारनंतर पायवाटेवर सोडण्यावर बंधने घातली. मुले बरोबर असतील तर निघण्याआधी देवस्थानाची ताजी सूचना वाचलीच पाहिजे.

पॉवर बँकेचे उलटे आहे. ती काउंटरवरच्या सामानात देता येत नाही, आपल्याजवळच ठेवावी लागते. 20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे 74 वॉट-तास. मर्यादा 100 ची आहे, म्हणजे अडचण नाही. पण ती सॅकच्या तळाशी पुरू नका. कारण पुढे येते.

गोंदियासारख्या ठिकाणी येणारे विमान बहुधा एटीआर 72 असते. दोन पंख्यांचे, इंडिगोच्या मांडणीत 78 आसनांचे. प्रवासी मागच्या दाराने चढतात. डोक्यावरचे कप्पे मोठ्या विमानापेक्षा लहान असतात. चाकांची टणक बॅग तिथे अडते, मऊ सॅक मात्र दाबून बसवता येते, इथे सॅकचा खरा फायदा होतो. तरीही कप्पे भरले की कर्मचारी विमानाच्या दाराशीच बॅगा घेऊन सामानाच्या कप्प्यात टाकतात आणि उतरल्यावर परत देतात. तशी वेळ आली तर पॉवर बँक, औषधे, पैसे आणि ओळखपत्र त्याच क्षणी काढून हातात घेता आले पाहिजेत. म्हणून या चार गोष्टी एका छोट्या कापडी झोळीत ठेवाव्यात आणि ती सॅकच्या अगदी वर असावी. सॅकचे लोंबते पट्टे आणि कमरेचा पट्टा आत खोचून टाकावेत, नाहीतर ते एक्स-रे यंत्राच्या रुळांत अडकतात.

हीच झोळी पुढे डोंगरावर कामाला येते. अलिपिरीची वाट सुमारे 9 किलोमीटरची, 3,550 पायऱ्यांची, बहुतांश छपराखालून जाणारी. श्रीनिवासमंगापुरमकडून निघणारी श्रीवारी मेट्टूची वाट छोटी, 2,388 पायऱ्यांची, पण उभी. दोन्ही ठिकाणी देवस्थान पायी जाणाऱ्यांचे सामान विनामूल्य वर पोहोचवते. पावती घ्यायची आणि वर पावती दाखवून सामान सोडवायचे. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी सॅक निःसंकोच जमा करावी आणि झोळीत पाणी, औषध, पंचा एवढेच घेऊन चढावे. पुष्कळ जण अनवाणी चढतात, त्यांची पादत्राणेही सॅकमध्येच जातात. पायथ्याशी सामान तपासले जाते आणि तंबाखू, दारू, मांसाहार वर जाऊ देत नाहीत. खर्रा आणि विडी घरीच ठेवून निघावे, हे आपल्याकडच्या मंडळींना वेगळे सांगायला हवे.

सॅक पाठीवर घेऊनच चढायचे असेल तर आधी सराव हवा. गोंदिया जिल्हा धानाच्या बांध्यांचा, सपाट. तिरुमलाचा चढ मात्र सहा-सातशे मीटरचा आहे. सालेकशाजवळचे कचारगड, अर्जुनी मोरगाव तालुक्यातले प्रतापगड ही आपल्या हाताशी असलेली चढाची ठिकाणे. तिथे भरलेल्या सॅकसह जाऊन यावे. जड वस्तू पाठीच्या मणक्याला चिकटून, साधारण खांद्यांच्या खाली असाव्यात. कमरेचा पट्टा खुब्यांच्या हाडांवर आवळला म्हणजे बराचसा भार कमरेवर उतरतो. खांदे दुखू लागले तर दोष बहुधा पट्ट्याच्या जागेचा असतो. हे सरावात कळले तर दुरुस्त करता येते.

दर्शनाच्या रांगेत सॅक आणि मोबाइल नेता येत नाहीत, ते बाहेर ठेवायची सोय आहे. विशेष प्रवेशाच्या तिकिटाला पोशाखाचा नियम लागू आहे. धोतर किंवा पायजमा, साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस. म्हणून ते कपडे सॅकमध्ये सर्वांत शेवटी, वरच्या बाजूला भरावेत.

आता ती शिल्लक 1.8 किलो. तिरुपतीचा नेहमीचा लाडू सुमारे 175 ग्रॅमचा असतो. दहा लाडू म्हणजे पावणेदोन किलो. गावी परतल्यावर शेजारी आणि सोयरे प्रसादाची वाट पाहत असतात, दहाही पुरत नाहीत. खाऊ संपलेला असतो, त्यामुळे आणखी दोन-तीन बसतात. कल्याणोत्सवाचा मोठा लाडू घ्यायचा तर एकाचेच वजन 700 ग्रॅमच्या घरात जाते, तेव्हा छोटे लाडू तेवढे कमी घ्यावेत. लाडू केबिनमध्ये नेता येतात, पण सॅकच्या तळाशी ठेवले तर तूप सुटून कपड्यांना लागते. घरून एक हलका, झाकणाचा डबा न्यावा. जाताना त्यात चिवडा, येताना प्रसाद. रेणिगुंट्याच्या विमानतळावर काटा सात किलोच्या वर गेला, तर शाल अंगावर घ्यावी, सपातांऐवजी जड बूट पायात घालावेत आणि लाडूंचा डबा झोळीत हलवून ती 3 किलोंपर्यंतची वेगळी छोटी वस्तू म्हणून हातात घ्यावी.