बर्फाने आणलेली माती

आपली काळी माती इथल्याच काळ्या खडकाची झीज होऊन झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली 'पॅक्स्टन' माती मात्र बर्फाने आणून टाकलेली आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी तिथे प्रचंड हिमस्तर पसरला होता. वाटेतले खडक भरडून त्याने रेती, गाळ, धोंडे सारे आपल्या बुडाखाली चेपून बसविले. यालाच 'टिल' म्हणतात. नदीचा गाळ निवडल्यासारखा असतो, जाड वेगळा, बारीक वेगळा. टिलमध्ये सगळी खिचडी!

वरचा थर मोकळा, जमीन बहुधा उताराची. त्यामुळे पाण्याचा निचरा चांगला. सफरचंद, मका, गवत उत्तम येते. पण २ ते ३ फुटांवर घट्ट थर लागतो. मुळे तिथे अडतात आणि वसंतात बर्फ वितळले की पाणी त्यावर काही काळ तुंबते. तेव्हा नुसते वरचे ढेकूळ फोडून निचऱ्याची परीक्षा होत नाही, कुदळ खाली घालावी लागते. घराचा शोषखड्डा खणणाऱ्यालाही हा थर फार नडतो.

शेतकऱ्याला खरा त्रास धोंड्यांचा. हिवाळ्यात जमीन गोठते नि दगड वर ढकलले जातात. यंदा वेचले तरी पुढल्या वर्षी पुन्हा हजर! त्यांचेच गडगे शेतांच्या बांधांवर रचलेले आहेत. पुष्कळ शेते मागेच मोडली, तिथे रान माजले. गडगे अजून झाडीत उभे आहेत.