माऊसला स्वतःची जागा ठाऊक नसते

माऊस टेबलावरून उचला आणि वीतभर पलीकडे नेऊन ठेवा. पडद्यावरचा बाण जवळजवळ जागचा हलत नाही. टेबलाची कड आली की आपण हे न कळत करतोच, पण या यंत्राचं सगळं मर्म त्यातच आहे. आपण कुठे आहोत हे माऊसला कधीच कळत नाही. मघापासून आडवे किती सरकलो आणि उभे किती, एवढंच तो सांगतो. यूएसबीवरून जाणारा त्याचा सर्वांत साधा निरोप तीन बाइटांत मावतो: एक बटणांचा, एक आडव्या अंतराचा, एक उभ्या अंतराचा. बेरजा करून बाण कुठे दाखवायचा, हे काम संगणकाचं.

डग्लस एंगलबार्ट यांची ही कल्पना १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बिल इंग्लिश यांनी लाकडी ठोकळ्यात उतरवली. खाली एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. सरळ पुढे ढकललं की एक फिरे, दुसरं नुसतं घसटत जाई. १९७० मध्ये पेटंट मिळालं, ते संस्थेच्या नावावर. एंगलबार्टना त्यातून रॉयल्टीचा एक छदामही मिळाला नाही.

पुढे चाकांची जागा गोळीने घेतली. कॉम्प्युटर क्लासला गेलेल्या पिढीला ती आठवेल: खालची चकती फिरवली की रबरी आवरणाची जड गोळी हातात यायची. गोळीला टेकलेले दोन रूळ आडवी आणि उभी हालचाल वेगळी करत. प्रत्येक रुळाच्या टोकाला फटी पाडलेली चकती आणि तिच्यापलीकडे प्रकाश टिपणारे दोन डोळे असत. किती फटी सरकल्या यावरून अंतर कळे, कोणता डोळा आधी झाकला यावरून दिशा. युक्ती झकास, पण रुळांवर मळाची काळी पट्टी जमे. ती नखाने खरवडणं हे तेव्हाचं संगणकदुरुस्तीचं पहिलं शिक्षण!

गोळी गेली ती कॅमेऱ्यामुळे. १९८० च्या सुमारासच प्रकाशावर चालणारे माऊस निघाले होते. त्यातल्या काहींना मात्र रेघांची खास पाटी लागे. कुठल्याही टेबलावर चालणारा प्रकार १९९९ पासून घरोघर पोचला. त्यातला लाल दिवा अगदी तिरका पडतो. मावळतीच्या उन्हात नांगरटीची ढेकळं उठून दिसतात, तशा कागदाच्या बारीक खाचाखोचा त्या उजेडात दिसू लागतात. जेमतेम १६ गुणिले १६ ठिपक्यांचा कॅमेरा सेकंदाला सुमारे १५०० वेळा त्यांचं चित्र टिपतो. नवं चित्र जुन्यावर ठेवून, ठिपका-दोन ठिपके इकडेतिकडे सरकवून सर्वांत चांगलं कुठे जुळतं ते चिप पाहते. ते सरकवणं म्हणजेच हाताची हालचाल.

हिशेब करून पाहा. हात सेकंदाला ३० सेंटिमीटर धावला, तर दोन चित्रांमध्ये माऊस ०.२ मिलिमीटर सरकतो. चित्रात दिसतो तो तुकडा साधारण १ मिलिमीटरचा, म्हणून बराचसा भाग दोन्हींत सापडतो. हात फारच जोरात झटकला की जुळवायला पुरेसं काही उरत नाही आणि बाण भरकटतो.

गुळगुळीत काचेवर खाचाखोचाच नसतात, तिथे साधा माऊस अडतो. तेव्हा बाण थरथरू लागला तर नवा माऊस आणण्याआधी खालच्या भोकात अडकलेला केस काढा. टेबल काचेचं असेल तर वर एक कोरा कागद ठेवा.