पाइनचे कलम आणि बोन्साय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानमध्ये बोन्सायसाठी वाढवली जाणारी पांढऱ्या पाइनची (गोयोमात्सू) अनेक झाडे स्वतःच्या मुळांवर उभी नसून काळ्या पाइनच्या (कुरोमात्सू) मुळांवर उभी असतात. मुळे पुरवणाऱ्या झाडाला खुंट आणि त्यावर बसवलेल्या फांदीला कलमकाडी म्हणतात. या दोघांचा जोड नेमका कशाचा असतो हे स्पष्ट नसल्यामुळे पुढील समजुती रूढ झाल्या आहेत.

गैरसमज : कलमातून दोन जातींचा संकर तयार होतो.

वस्तुस्थिती : संकर परागीभवनातून, म्हणजे बीजातून होतो, कलमात केवळ पाणी आणि अन्नरस वाहणारे मार्ग जोडले जातात आणि दोन्ही बाजूंच्या पेशी आपापले जनुकीय रूप कायम राखतात. त्यामुळे कित्येक वर्षांनंतरही जोडाच्या वर पाच-पाच सुयांचेच झुबके येतात, तर खुंटाला फांदी फुटलीच तर तिच्यावर दोन-दोन सुयांचे. सालीतील फरकही टिकत असल्याने जोड शक्यतो मुळांलगत, सहज दिसणार नाही असा घेतला जातो.

गैरसमज : दोन्ही काप घट्ट बांधले की लाकूड लाकडाला जुळते.

वस्तुस्थिती : जुने लाकूड कधीच जुळत नाही. जुळतो तो साल आणि लाकूड यांच्यामधला, सतत नव्या पेशी निर्माण करणारा पातळ थर, ज्याला ऊतककर किंवा कँबियम म्हणतात. कलमकाडी खुंटापेक्षा बारीक असल्यास हा थर किमान एका बाजूने तरी समोरासमोर आणावा लागतो, कारण काडी खाचेच्या मधोमध बसली तर बांधणी कितीही पक्की असली तरी जोड होत नाही.

गैरसमज : आंब्याची कलमे बांधता येणाऱ्याला पाइनचे कलम त्याच रीतीने साधते.

वस्तुस्थिती : तत्त्व एकच असले तरी रीत बरीच वेगळी आहे. कोकणात आंब्याचे कोय कलम पावसाळ्यात कोवळ्या रोपावर बांधतात, त्यासाठी रोपाचा शेंडा छाटतात आणि काडीची पाने आधीच काढतात. पाइनच्या निष्पर्ण लाकडातून मात्र नवे अंकुर क्वचितच फुटत असल्याने काडीवर काही सुया राखाव्याच लागतात आणि त्या सुकू नयेत म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधून आतली हवा दमट ठेवावी लागते. खुंटाचा शेंडा न तोडता खोडाच्या बाजूला तिरपा काप घेतला जातो, जेणेकरून रस वर चढत राहील. हे काम हिवाळ्याच्या अखेरीस, काडी सुप्तावस्थेत असताना केले जाते.

गैरसमज : काडीला नवा कोंब आला म्हणजे कलम जगले.

वस्तुस्थिती : काडीत साठलेल्या अन्नावरही कोंब लांबू शकतो आणि जोड झालेला नसेल तर तो पुढे सुकतो. म्हणून पिशवी एकदम न काढता हळूहळू उघडतात आणि खुंटाचा वरचा भागही एकाच वेळी न तोडता, काडीची वाढ पाहून टप्प्याटप्प्याने कमी करतात.

गैरसमज : कलमी बोन्साय कमअस्सल असतो.

वस्तुस्थिती : बियांपासून येणारी रोपे एकमेकांसारखी निघतीलच असे नसल्याने, आखूड सुयांचा ‘कोतोबुकी’ किंवा बुचासारख्या जाड सालीचा ‘निशिकी’ असे काळ्या पाइनचे निवडक वाण जसेच्या तसे टिकवण्याचा मुख्य मार्ग कलम हाच आहे. जुन्या झाडावर हवी तेथे फांदी नसेल, तर त्याच झाडाची लांब फांदी वळवून खोडाच्या खाचेत भेट कलमाने बसवता येते. दोष धरायचाच तर तो बेढब फुगलेल्या जोडाला धरावा.

गैरसमज : दणकट खुंट वापरल्यास पांढरा पाइन उष्ण हवेतही नीट वाढतो.

वस्तुस्थिती : काळ्या पाइनची जोमदार मुळे वाढीला बळ देतात, परंतु काडी आपला स्वभाव राखत असल्याने तिची थंड हिवाळ्याची गरज संपत नाही, आणि म्हणूनच मुंबईसारख्या हवामानात केवळ खुंट बदलून पांढरा पाइन रुळत नाही.