चेक इंजिनचा दिवा – भाग ६ : कोड पुसण्याआधी

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा कधी आणि का लागतो, ते मागच्या भागात पाहिलं. या वेळी स्कॅनर लावल्यावर जो कोड दिसतो, त्याचं काय करायचं ते पाहू. भारत स्टेज ४ च्या मोटारींना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्यामुळे त्यानंतरच्या मोटारींत स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली, सोळा पिनांचं सॉकेट सापडतं.

कोड वाचणं अवघड नाही. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘सी’ चॅसी, ‘बी’ बॉडी, आणि ‘यू’ म्हणजे गाडीतल्या संगणकांमधला संपर्क. अक्षरानंतर शून्य असेल तर त्या कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांत एकच. अडचण पुढे येते. कोडसोबत सेन्सरचं नाव येतं आणि सेन्सरच बदलला जातो. कोड मात्र बिघडलेला पार्ट सांगत नाही. अमुक सर्किटमध्ये संगणकाला न पटणारं काही दिसलं, इतकंच तो सांगतो.

मावळातल्या परंदवडी, उर्से, सोमाटणे या पट्ट्यात घराशेजारीच भातखाचरं आहेत. पावसाळ्यात खाचरं भरली की उंदीर कोरडी, उबदार जागा शोधतात आणि बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतात. मग समजा ‘पी ०११३’ आला : इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडला तर हवेचं तापमान दिसतं उणे ४० अंश. मावळात ही थंडी शक्यच नाही! हवा जितकी गार, तितका या सेन्सरचा रोध जास्त. वायर तुटली की रोध अमर्याद होतो, संगणकाने पाठवलेले पाच व्होल्ट तसेच राहतात आणि तो त्याचा अर्थ ‘कडाक्याची थंडी’ असा लावतो.

दोष सेन्सरचा की वायरीचा, हे दोन मिनिटांत कळतं. सेन्सर दोन तारांचा, स्वतंत्र असेल तर त्याचा कनेक्टर काढायचा आणि वायरिंगच्या बाजूच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या. स्कॅनरवरचा आकडा उणे ४० वरून एकदम शंभराच्या पुढे गेला तर संगणकापर्यंतची वायर ठीक आहे. सेन्सर किंवा त्याच्या पिनाच तपासायच्या. आकडा हललाच नाही तर वायर तुटलेली, आणि नवा सेन्सर घालून पैसे वाया जाणार. मात्र तीन-चार तारांच्या सेन्सरवर हा प्रयोग करू नका. तिथे वायरिंगचा नकाशा आणि मल्टिमीटर हवा.

मिसफायरचंही असंच. ‘पी ०३०२’ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, तिथे इंधन नीट पेटत नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर दोनची तीनवर आणि तीनची दोनवर लावून गाडी चालवायची. आता ‘पी ०३०३’ आला तर कॉइल खराब. कोड दोनवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं क्रमाने पाहायचं.

खोपोलीहून खंडाळ्याकडे भरलेली गाडी चढताना इंजिनवर सर्वाधिक ताण येतो, आणि सपाटीवर लपलेलं मिसिंग तिथे बाहेर येतं. दिवा नुसता न लागता लुकलुकायला लागला तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. शे-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हजारो रुपयांचा भाग वितळू शकतो.

घाट संपून तळेगावला आल्यावर गाडी पुन्हा नीट चालते आणि गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. अशा वेळी कामी येते फ्रीझ फ्रेम. कोड नोंदला गेला त्या क्षणीचे इंजिनचे फेरे, भार, पाण्याचं तापमान, गाडीचा वेग संगणक साठवून ठेवतो. भार नव्वद टक्क्यांच्या घरात आणि वेग चाळीस दिसला, तर दोष चढावर आला हे उघड आहे, आणि चाचणीही चढावरच घ्यायला हवी.

कोड पुसला की ही नोंदही जाते. शिवाय गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात. त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. तोवर दिवा विझलेला असतो, दोष मात्र जागच्या जागी. ‘कोड उडवून देतो, बघू परत येतो का’ ही पद्धत माझ्या मते सर्वांत महाग पडते. गॅरेजवाल्याला आधी एवढंच सांगा : कोड आणि फ्रीझ फ्रेम दोन्हींचा फोटो मला द्या, मग पुसा.

पुढच्या आठवड्यात ‘पी ०१७१’, म्हणजे इंजिनात हवा जास्त, इंधन कमी. तुमच्या गाडीत तो आला असेल तर तोवर एअर फिल्टरपासून पुढच्या रबरी नळ्यांना कुठे चीर नाही ना, तेवढं पाहून ठेवा.