बसऱ्याची वारसनोंद

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावचे ४६ पुरुष पहिल्या महायुद्धात कामी आले, हे तेथील स्मारकासमोर ऐकल्यापासून तो आकडा मनातून जाईना; कारण बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही साम्राज्य सरकारने हिंदी अंमलदारांची नावे कोरविली आणि शिपायांची मात्र पलटणवार निव्वळ संख्या नमूद करून आपले कर्तव्य संपविले.

त्याच जिल्ह्यातील एक गृहस्थ आपल्या पणजोबांचा माग काढीत आहेत असे कळले, तेव्हा मी त्यांच्याबरोबर निघालो. पणजोबांची मृत्युतिथी ठाऊक नसल्याने त्यांचे श्राद्ध या घराण्यात सर्वपित्री अमावास्येलाच होत आले होते. पुरावा म्हणून उरले होते एक रुप्याचे युद्धपदक. त्याच्या कडेवर भिंगाखाली नंबर, नाव आणि १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री एवढी अक्षरे लागतात. १९२२ च्या पुनर्रचनेत हीच पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली, त्यामुळे नंतरच्या याद्यांत १०३ हा आकडा धुंडाळणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनची लढाई, ७ डिसेंबरपासून कूतचा वेढा, २९ एप्रिल १९१६ ची शरणागती आणि त्यानंतर रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर राबताना कैद्यांना आलेले मरण, यांपैकी कशात हा शिपाई गेला ते घरात कोणीच सांगू शकत नव्हते. साऱ्या आघाडीला घरी ‘बसरा’ एवढेच नाव होते.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात हातकागदाचा आणि डांबरगोळ्यांचा वास कोंदलेला होता. ज्यांना सारी कचेरी भाऊसाहेब म्हणते ते निवृत्त कारकून लाल कापडाचा रुमाल सोडून, बोट कागदाला न लावता ओळीवरून अधांतरी सरकवीत, मोडी वाचीत होते. अपशिंग्याचा आकडा मी सांगितला तशी ते म्हणाले, “४६ माणसे मेली ना साहेब? मग ४६ वारसनोंदी कोठेतरी असणारच. सरकार माणूस विसरेल, पण सारा कोणाकडून घ्यायचा हे विसरणार नाही.”

हा हिशेब जमीनधारकांपुरताच खरा आहे. १९१७ मध्ये उभारलेल्या आणि १९२१ मध्ये मोडून टाकलेल्या १११ व्या महार पलटणीतील शिपाई, खेचरवाले, पाणके, हमाल, यांपैकी ज्यांच्या नावे गुंठाभरही जमीन नव्हती, त्यांच्या मरणाची दखल घेण्याचे फेरफाराच्या वहीला कारणच नव्हते. आणि हा अन्याय स्मारकावरील अन्यायाहून मला तसूभरही लहान वाटत नाही.

दुपार कलल्यावर नोंद सापडली. खातेदार लढाईवर मयत, वारस मुलगा अज्ञान, पालन करणारी आई. नोंदीची तारीख १९१९ ची, मृत्यूची तारीख नाही. भाऊसाहेबांचे बोट मात्र शेवटच्या ओळीवर थबकले. वर्दी देणार म्हणून त्याच आईचे नाव होते व खाली तिच्या डाव्या अंगठ्याची निशाणी होती, शाई पुसट झालेली, पण रेषा न्‌ रेषा मोजता येईल अशी. नवरा परत येणार नाही हे चावडीवर जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगणे तिलाच भाग पडले होते, या विचाराने मी त्या ठशावरून नजर काढू शकलो नाही. मुलगा लहान असतानाच ती वारली; घरात तिचा उल्लेख ‘बसऱ्याच्या आजोबांची बायको’ असाच होई. भाऊसाहेबांनी तिचे नाव दोनदा सावकाश वाचले, गृहस्थांनी ते वहीत उतरून घेतले आणि नकलेच्या अर्जाबरोबरच गाव नमुना १४ चे, जन्ममृत्यूच्या नोंदींचे, पुढील वर्षांचे रुमाल काढण्याची विनंती केली. ती गावातच वारली होती. तिची तारीख तेथे मिळाली, तर जुन्या पंचांगावरून तिथी काढता येणार होती.