तीन बोटं पाणी

मे महिन्यात महिनाभर गावी राहून आम्ही परतलो. कुलूप उघडलं आणि उंबऱ्यातच थबकलो. घर झाडून-पुसून बंद केलं होतं, डब्यांत काही नासलं नव्हतं. तरी कुजक्या अंड्यांसारखा वास घरभर भरलेला. फिनेल ओतलं, उदबत्त्या लावल्या, पण वास हटेना. शेवटी सोसायटीत नळकामाला येणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. न्हाणीघराच्या जाळीत दोन तांबे पाणी ओतलं, खिडक्या उघडायला लावल्या आणि म्हणाले, "नानी ट्रॅप सुकलाय, बाकी काही नाही." तासाभरात घर पूर्ववत झालं.

मिस्त्रींच्या तोंडची ही 'नानी' म्हणजे आपली न्हाणी. हा शब्द आपल्या घराच्या कोपऱ्यातून निघाला आणि देशभर पोचला. स्थापत्याच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही हा भाग 'नहानी ट्रॅप' म्हणूनच छापला जातो. जाळीखाली लादीत पुरलेलं हे भांडं पूर्वी बिडाचं असे, आता बहुधा पीव्हीसीचं असतं. रचना अगदी साधी. तळ वाडग्यासारखा खोल आणि पाणी बाहेर जाण्याचं तोंड तळापासून उंच. त्यामुळे अंघोळीचं पाणी वाहून गेलं तरी थोडं मागे राहतंच. साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे तीन बोटं. पाण्याला पुढे जाता येतं, पण पलीकडच्या हवेला मागे येता येत नाही. यात स्प्रिंग नाही, झडप नाही; दार आहे ते पाण्याचंच.

संडासाच्या भांड्याखालचा बाकही याच तत्त्वावर चालतो. लंडनमध्ये घड्याळं बनवणारे स्कॉटिश कारागीर अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली अशा, इंग्रजी 'एस'सारख्या वळणाच्या नळीसह संडासाचं पेटंट घेतलं. आज पाणी अडवणारं तसं वळण बहुतेक कमोडना असतं.

या दारापलीकडे काय असतं? बऱ्याच जुन्या इमारतींच्या मागच्या भिंतीवर दोन उभे पाइप दिसतात. एक संडासाचा; तो थेट जमिनीखालच्या चेंबरला जातो. दुसरा न्हाणी आणि मोरीच्या सांडपाण्याचा. तो आधी जमिनीलगतच्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे तशाच पाणी धरून ठेवणाऱ्या कुंडीत येतो आणि मग चेंबरकडे. या पाइपांची वरची टोकं गच्चीवर उघडी असतात. चेंबरमध्ये, गटारात जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे जिवाणू घाण कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच.

तीन बोटं पाण्याची ताकद मोठी नाही. वातावरणाच्या दाबाचा जेमतेम दोनशेवा भाग तेवढं पाणी पेलू शकतं. वरच्या मजल्यावरून बादलीभर पाणी धो धो खाली आलं की त्याच्यामागे पाइपात ओढ निर्माण होते आणि ती आपल्या ट्रॅपमधलं पाणी खेचून नेऊ शकते. ती ओढ भरून काढायला हवा यावी, म्हणून गच्चीवरचं तोंड उघडं ठेवायचं. कुणी ते झाकलं, किंवा पाखरांनी तिथे घरटं केलं, की खाली वास सुरू होतो. फ्लश केल्यावर ट्रॅपमध्ये गुडगुड आवाज येत असेल, तर हीच शंका आधी घ्यावी.

पाणी आणखीही वाटांनी जातं. बंद घरात उन्हाळ्यात ते वाफ होऊन उडतं. ट्रॅपच्या काठावर केसांचा गुंता लोंबत राहिला तर दिव्याच्या वातीसारखा तो पाणी थेंबथेंब ओढून घेतो. काही जाळ्यांखाली पालथी वाटी असते. केस अडकतात म्हणून कंटाळून ती काढून टाकली जाते आणि तिच्याबरोबर पाण्याचं दारही जातं. आणि ट्रॅप भरलेला असला तरी, बेसिनची किंवा वॉशिंग मशीनची लवचीक नळी थेट खालच्या पाइपात नुसतीच खोचलेली असेल, तर भोवतीच्या फटीतून वास येतो.

म्हणून वास आला की आधी शोध, मग औषध. घरातल्या प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावं. वास राहिलाच तर एकेका तोंडावर ओलं फडकं दाबून ठेवून पाहावं. जिथे झाकल्यावर वास थांबतो, तिथे दोष. मोरीच्या सिंकपाशी आंबट, खरकटा वास असेल, तर तो बहुतेक वेळा गटाराचा नसतो. नळीच्या आत साचलेल्या तुपकट थराचा असतो. नळी सोडवून घासली की जातो. दोन दिवसांत ट्रॅप पुन्हा रिकामा होत असेल आणि केसांचा गुंताही नसेल, तर तडा किंवा हवेचा दोष आहे. तिथे मिस्त्रीच हवा. ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीही ओतू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

ट्रॅपमधल्या या पाण्याचं मोल हाँगकाँगने २००३ साली जाणलं. आमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक लोकांना सार्स या श्वसनरोगाची लागण झाली. तपासात बोट ठेवलं गेलं ते न्हाणीघरांतल्या सुकलेल्या ट्रॅपवर. एक्झॉस्ट पंखे त्या वाटेने सांडपाण्याच्या पाइपातले तुषार घरात ओढत होते.

घरात नकोसा होणारा तो कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू चेंबरमध्ये साचला की जीव घेतो. त्याचं प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं आणि धोक्याची खूणही मिळत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तुंबलेल्या चेंबरसाठी सोसायटीने यंत्रच मागवावं, त्यात काटकसर करू नये.

आता गावी निघताना गॅस बंद, दिवे बंद, आणि शेवटी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी. महिनाभर जायचं असेल तर त्यावर चमचाभर तेल सोडतो. तवंगाखालचं पाणी उशिरा उडतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली असते. कुंड्यांना पाणी घालायला त्या आल्या, की न्हाणीतही एक तांब्या ओततात.