बॅम्बर्गची धूम्रगंधी बिअर : एका दांपत्याच्या खाद्यसहलीच्या निमित्ताने

प्रास्ताविक

पर्यटनाच्या अभ्यासात 'खाद्यपर्यटन' ही संज्ञा आता चांगलीच रुळली आहे. वास्तू पाहून झाल्यावर भूक लागली म्हणून जेवणे आणि जेवणासाठीच एखाद्या गावी जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. दुसऱ्या प्रकारात पती-पत्नींनी दोन-तीन दिवस काढून एखाद्या शहरी जावे, तेथील पदार्थ चाखावेत आणि स्थानिक बिअरची चव घ्यावी, ही प्रथा युरोप-अमेरिकेत सर्रास दिसते. अशा सहलींच्या संदर्भात 'क्राफ्ट बिअर' हा शब्दप्रयोग हमखास येतो. त्याला 'हस्तकौशल्याची बिअर' असा प्रतिशब्द देता येईल. पण तो अवघडलेला वाटतो, म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

क्राफ्ट बिअरची चळवळ ही मूलतः तुटलेला धागा पुन्हा जोडण्याची चळवळ आहे. मोठ्या कारखान्यांनी बिअरची चव सर्वत्र एकसारखी करून टाकल्यावर इंग्लंडमध्ये 1971 मध्ये पारंपरिक एलच्या रक्षणासाठी ग्राहकांची संघटना उभी राहिली, तर अमेरिकेत 1976 मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे 'न्यू अल्बियन' ही छोटी ब्रुअरी निघाली. ती काही वर्षांतच बंद पडली; परंतु तिने घालून दिलेली वाट पुढे हजारोंनी चोखाळली. आता प्रश्न असा की, ज्या शहरात हा धागा तुटलाच नाही, तेथे पुनरुज्जीवनाची ही परिभाषा कितपत लागू पडते? आणि तेथील परंपरा आजवर कोणी टिकविली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांनी की राहणाऱ्यांनी? जर्मनीतील बॅम्बर्ग या शहराच्या आधारे या प्रश्नांची उकल करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शहराची पार्श्वभूमी

बॅम्बर्ग हे बव्हेरिया राज्याच्या उत्तरेस, फ्रँकोनिया प्रदेशात, रेग्निट्झ नदीच्या काठी वसलेले सुमारे पाऊण लाख वस्तीचे शहर आहे. न्यूरेंबर्गहून रेल्वेने पाऊण तासात तेथे पोहोचता येते. सम्राट दुसरा हेन्री याने 1007 मध्ये येथे धर्मपीठ स्थापिले आणि पुढे जवळजवळ आठ शतके हे नगर राजबिशपांच्या सत्तेखाली राहिले. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या मोठ्या शहरांच्या मानाने त्याची हानी फारच कमी झाली. त्यामुळे मध्ययुगीन गल्ल्या, नदीतील पुलावर उभी असलेली जुनी नगरपालिका आणि टेकड्यांवरील चर्चे बऱ्याच अंशी जशीच्या तशी राहिली. 1993 मध्ये जुन्या शहराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

बिअरच्या शुद्धतेचा विषय निघाला की 1516 च्या बव्हेरियन फर्मानाचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. तथापि, बिअरमध्ये माल्ट, हॉप आणि पाणी यांखेरीज काहीही वापरू नये, असा हुकूम बॅम्बर्गच्या बिशपने 1489 मध्येच काढला होता. बॅम्बर्ग बव्हेरियात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. त्यामुळे शुद्धतेचे श्रेय बव्हेरियाला दिले की येथील रहिवाशांना ते खटकते, आणि ते रास्तच आहे.

धूर येतो कोठून?

बॅम्बर्गची खासियत म्हणजे 'राउखबिअर', अर्थात धूम्रगंधी बिअर. ती समजून घेण्यासाठी माल्ट म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून तिचे सत्त्व करतात. सातूच्या (बार्लीच्या) बाबतीत प्रक्रियेचा पूर्वार्ध तोच. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. ती पुढे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात आणि त्या शर्करेवर यीस्ट काम करते. मात्र मोड योग्य वेळी थांबवावे लागतात, त्यासाठी दाणे सुकविणे आवश्यक असते. उन्हाचा भरवसा नसलेल्या थंड प्रदेशात हे काम लाकडाच्या जाळावर होई. जाळाबरोबर धूर आलाच. म्हणजे जुन्या काळी अशा प्रदेशांतील बिअरला कमी-अधिक धुराचा वास असणे ही सर्वसाधारण बाब होती. पुढे कोक आणि नंतर गरम हवेवर चालणाऱ्या भट्ट्या आल्या. त्यांत इंधनाचा धूर दाण्यापर्यंत पोहोचतच नाही. बहुतेक ठिकाणी धूर हा दोष ठरून हद्दपार झाला. बॅम्बर्गमधील 'श्लेंकर्ला' आणि 'श्पेत्सिआल' या दोन ब्रुअरींनी मात्र बीच वृक्षाच्या लाकडावर माल्ट सुकविण्याची पद्धत सोडली नाही आणि आजही त्या आपले धूम्रमाल्ट स्वतःच तयार करतात.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता, लाकडातील लिग्निन जळताना ग्वायाकॉल, सिरिंगॉल इत्यादी फिनॉल गटातील संयुगे निर्माण होतात. ती दाण्याच्या सालीवर बसतात आणि बिअरमध्ये उतरतात. धुरावर राखलेल्या मांसाचा वासही प्रामुख्याने याच गटातील संयुगांचा, म्हणूनच प्रथम चाखणाऱ्याला राउखबिअर पिताना कोणीतरी पेल्यात मांसाचा तुकडा बुडविला असावा असे वाटते. मराठी वाचकाला यापेक्षा जवळचे उदाहरण देता येईल. चुलीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि गॅसवर शिजविलेल्या वांग्याची भाजी यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. धुराची चव पहिल्या घोटाला सगळ्यांत पुढे येते, नंतर जीभ व नाक तिला सरावतात आणि मग माल्टचा गोडवा व हॉपचा कडवटपणा जाणवू लागतो. पहिल्या पेल्यावरून मत बनवू नये, असा सल्ला स्थानिक लोक देतात. तो व्यापारी हेतूने दिलेला असला, तरी त्यात शास्त्रीय तथ्य आहे.

श्लेंकर्लाची एक मौज नोंदविण्याजोगी आहे. तेथील एका फिकट बिअरमध्ये धूम्रमाल्ट अजिबात नसते; तरीही तिला धुराचा पुसट वास येतो, कारण धूम्रबिअरमध्ये वापरलेले यीस्टच तिच्यासाठी पुन्हा वापरले जाते.

ताटातील शहर

केवळ बिअरचा विचार केल्यास बॅम्बर्गचे अर्धेच आकलन होते. शहराच्या ऐन मध्यात भाजीमळे आहेत आणि जागतिक वारसा क्षेत्रात या 'माळ्यांच्या नगरा'चाही अंतर्भाव आहे. बॅम्बर्गकरांना 'कांदे तुडविणारे' असे टोपणनाव आहे. कांद्याची पात आडवी केली की जोर पातीत न जाता गड्ड्यात जातो, या समजुतीने येथील माळी पायांना फळ्या बांधून कांद्याच्या वाफ्यांतून चालत असत. पाती मोडण्याची ही रीत आपल्याकडील कांदा-उत्पादकाला मुळीच परकी वाटणार नाही.

याच कांद्याचा 'बॅम्बर्गर त्स्वीबल' हा पदार्थ होतो. मोठा कांदा कोरून त्यात खिमा भरतात, तो भाजतात आणि धूम्रबिअरच्या रश्श्यासह वाढतात. मळा आणि ब्रुअरी एकाच ताटात आल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. डुकराच्या खांद्याचे मांस हाडासह भाजून केलेला 'शॉयफर्ला' आणि व्हिनेगर-कांद्याच्या पाण्यात शिजविलेले सॉसेज हेही फ्रँकोनियाचे प्रसिद्ध पदार्थ होत. शाकाहारी व्यक्तीची येथे काहीशी पंचाईत होते हे मान्य केले पाहिजे. तरी बटाट्याचे गोळे, चीज-लोणी-कांदा कालवून केलेला 'गेरुप्फ्टर', मुळा, राईचा पाव आणि वसंतात मिळणारा पांढरा शतावरीचा कोंब यांवर दोन दिवस सुखाने निघतात. 'ह्यर्न्ला' नावाचा लहान, वाकडा, लांबट बटाटा पाहण्यात आला तर तो अवश्य खावा.

दोन दिवसांची आखणी

श्पेत्सिआल आणि 'फेस्ला' या दोन ब्रुअरी एकाच रस्त्यावर समोरासमोर आहेत आणि दोहोंकडे राहण्याच्या खोल्याही आहेत. बिअर घेतल्यावर वाहन चालवू नये, या नियमाचे पालन येथे आपोआप होते. वुंडरबुर्ग भागातील 'मार्स ब्रॉय' व 'केसमान' यांचीही अशीच समोरासमोर जोडी आहे. पहिल्या दिवशी कॅथीड्रल, त्यातील तेराव्या शतकातील अश्वारूढ पुतळा आणि भाजीबाजार पाहून सायंकाळी श्लेंकर्ला गाठावे. तेथे लाकडी पिंपातून, पंपाविना बिअर पेल्यात उतरते. स्थानिक मंडळी ती बोळातच उभी राहून पितात. आत बसायचे तर मेज अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यावे लागते. एकांताच्या अपेक्षेने आलेल्या जोडप्याचा येथे विरस होतो. पण शेजारच्या आजोबांनी बोलणे काढले की शहराबद्दल जे कळते, ते माहितीपुस्तिकेत नसते. 'नित्याच्या मंडळींचे मेज' अशी पाटी असलेल्या मेजावर मात्र बसू नये.

दुसऱ्या दिवशीची सायंकाळ 'केलर'साठी राखून ठेवावी. केलर म्हणजे तळघर. परंतु बॅम्बर्गकर त्यावर जातो, त्यात नव्हे. यामागे कारण आहे. बव्हेरियात 1553 च्या हुकमाने उन्हाळ्यात बिअर बनविण्यास मनाई होती, कारण उष्णतेत ती नासत असे. मार्चमध्ये थोडी कडक बिअर बनवून ती टेकडीच्या पोटातील गार भुयारांत साठवीत. यंत्राने थंडावा निर्माण करण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, तोवर भुयारे हीच शीतगृहे होती. भुयारावरील जमीन तापू नये म्हणून रुंद पानांची चेस्टनटची झाडे लावली गेली आणि लोक त्या सावलीत येऊन बसू लागले. श्टेफान्सबर्ग टेकडीवरील श्पेत्सिआलच्या केलरवरून सगळे शहर दिसते. बव्हेरियातील अशा बिअरबागांत घरची शिदोरी आणून खाण्याची जुनी मुभा आहे आणि 1999 च्या राज्य नियमावलीने तिला मान्यता दिलेली आहे. गिऱ्हाइकाने आणलेल्या डब्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहणाऱ्या आपल्याकडील उपाहारगृहांच्या तुलनेत ही गोष्ट विशेष वाटते.

मात्रेचा विचारही केला पाहिजे. श्लेंकर्लाच्या प्रमुख बिअरमध्ये 5.1 टक्के मद्यार्क असतो. अर्ध्या लिटरच्या एका पेल्यात तो सुमारे 20 ग्रॅम भरतो. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्णतः सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा दोघांनी मिळून एक पेला घेणे आणि जोडीदार मद्य घेत नसेल तर त्याला आग्रह न करणे हेच इष्ट. धूर, मळे आणि भुयारे यांचा इतिहास पेल्याविनाही समजतो.

परंपरा कोणाच्या बळावर?

जर्मनीत बिअरचा खप गेली काही दशके घटत आहे. नदीतील पर्यटक-जहाजांतून उतरणारे प्रवासी एक पेला पितात, छायाचित्र काढतात आणि निघून जातात. त्यांच्या पैशाला महत्त्व नाही असे नाही. परंतु धुराची चव हद्दपार होण्याच्या काळात ती राखली, ती रोज सायंकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाने. उपवासाच्या काळातील बिअर आणि शरद ऋतूतील कडक 'उरबॉक' यांचे वेळापत्रक आजही प्रवाशांच्या सोयीने न ठरता स्थानिक पंचांगाने ठरते. 1879 मध्ये स्थापन झालेला येथील 'वायरमान' हा माल्टचा कारखाना जगभरच्या छोट्या ब्रुअरींना धूम्रमाल्ट पुरवितो. ज्या चळवळीला तुटलेला धागा जोडायचा होता, तिने तो बॅम्बर्गहून नेला असे म्हणता येते.

महाराष्ट्राचा या प्रवाहाशी संबंध अगदी अलीकडचा आहे. 2009 मध्ये पुण्यात 'डूलॅली' ही छोटी ब्रुअरी सुरू झाली. तिचे नाव इंग्रज सोल्जरांच्या बोलीतून आले आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत नाशिकजवळच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या शिपायाचे डोके फिरले की त्याला 'डूलॅली' म्हणत. हा शब्द म्हणजे आपल्या देवळालीचेच अपभ्रष्ट रूप होय.